अकरा केव्हीच्या तारेखाली मजला चढवताना

आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्यावरून अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन जायची. ‘जायची’ असं लिहिता यायला अकरा महिने लागले. या काळात गावातल्या आणि शाळेतल्या कितीतरी जणांनी मला विचारलं, अर्ज कुठे केला, पैसे किती गेले, शेजाऱ्यांनी हरकत घेतली का. मी मराठी शिकवते. विजेतलं माझं ज्ञान एमसीबी पडला तर वर करण्यापुरतं होतं. तेव्हा जे जसं घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. कुणाच्या डोक्यावरून अशी लाइन जात असेल तर त्यांना सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळेल.

घर वारणाकाठच्या गावात आहे, १९९४ सालचं, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली तीन खोल्या आणि वर बिनकठड्याची मोकळी गच्ची. मुलं मोठी झाली, आईंचे (माझ्या सासूबाईंचे) गुडघे दुखायला लागले, म्हणून आईंनी खाली राहायचं आणि आम्ही वर एक मजला काढायचा असं ठरलं. संक्रांत झाल्यावर, १८ जानेवारी २०२४ ला सेंट्रिंगवाले बघायला आले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, तारांवर पीव्हीसीचा पाइप चढवून घेऊ. सगळेच चढवतात. पोरं रबरी बूट घालून काम करतील.” आमचे हे पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतात. फोनवर त्यांनाही ते पटलं. मलाही पटलं, हे कबूल करायला हवं. तारेवर रोज कावळे, साळुंक्या बसतात. म्हणजे तिच्यावर काहीतरी आवरण असणारच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तीन दिवसांनी सळई आली. पूर्ण लांबीची सळई चाळीस फुटांची असते. पोरांनी तिचे निम्मे तुकडे केले आणि एकेक वर ओढून घ्यायला लागले. मी खाली चहा गाळत होते. तेवढ्यात शेजारच्या बापूकाकांचा आवाज आला, “आडवी कर! सळी आडवी कर आधी!” बापूकाका निवृत्त लाइनमन. तेहतीस वर्षं खांबांवर काढलेला माणूस, तो असा ओरडताना मी कधी ऐकला नव्हता. मी अंगणात धावले. वर एक मुलगा सळई उभी धरून कडेवरून आत घेत होता. तिचं टोक तारेपासून हातभर अंतरावर असेल, कदाचित त्याहूनही कमी. त्याने सळई खाली टाकली. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी काम थांबवलं.

बापूकाका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी समजावलं ते मला अजून शब्दशः आठवतं. “सूनबाई, ती तार उघडी आहे. ॲल्युमिनियमची तार, मधे पोलादाची, वर काही नाही. तिचं कवच म्हणजे हवा. कावळा एकाच तारेला धरून बसतो, त्याचा पाय दुसऱ्या तारेला लागत नाही की जमिनीला लागत नाही, म्हणून तो वाचतो. सळीचं एक टोक तारेला आणि दुसरं त्या पोराच्या हातात, पोराचे पाय ओल्या स्लॅबवर. बूट कसला वाचवतोय त्याला!” मग त्यांनी तालुक्याला जाऊन लेखी अर्ज द्यायला सांगितलं. तोंडी सांगून काही होत नाही, पोचपावती घेऊनच परत यायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

२४ जानेवारीला मी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात गेले. सोबत नेलं होतं ते असं: साध्या कागदावरचा अर्ज, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, बांधकाम परवानगीची प्रत, शेवटचं वीजबिल आणि मी स्वतः वहीच्या पानावर काढलेला नकाशा. अर्ज घेतला, शिक्का मारून दुसरी प्रत परत दिली. नकाशाकडे बघून तिथल्या कनिष्ठ अभियंता मॅडम म्हणाल्या, “ताई, हा चालणार नाही. मापाचा नकाशा लागेल.” कायद्यात हे स्पष्टच आहे, असं त्यांनी सांगितलं. लाइनच्या खाली किंवा जवळ घर बांधायचं, वाढवायचं असेल तर वीजपुरवठा करणाऱ्याला आणि विद्युत निरीक्षकांना दोघांनाही लेखी कळवायचं आणि मापाचा नकाशा जोडायचा. तेव्हा सरळ दोन प्रती करा. मी आधी एकच केली होती, त्यात माझे तीन आठवडे गेले.

२ फेब्रुवारीला मॅडम जागा पाहायला आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण कामात चोख. गच्चीवर चढण्याआधी त्यांनी मला थांबवलं आणि हातातली पोलादी टेप खाली ठेवायला लावली. उघड्या तारेची उंची टेपने, काठीने, दोरीने कधीच मोजायची नाही, वाळलेल्या बांबूनेसुद्धा नाही. जमिनीवर उभं राहून मोजायची यंत्रं असतात. आम्ही गावातल्या सर्व्हेअरना बोलावलं, त्यांनी टोटल स्टेशन (लांबूनच अंतर आणि उंची मोजणारं यंत्र) लावून मापं घेतली आणि नकाशा काढून दिला. साडेतीन हजार रुपये झाले. या सगळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च तोच होता असं मला वाटतं.

मापं अशी निघाली. गच्ची जमिनीपासून ३.८ मीटर. सर्वांत खालची तार ७.६ मीटर. म्हणजे मधे ३.८ मीटर मोकळी हवा. अकरा केव्हीची लाइन इमारतीच्या वरून जात असेल तर इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून तारेपर्यंत उभं अंतर किमान ३.७ मीटर हवं, आणि बाजूने जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर. मी म्हटलं, म्हणजे आत्ता तरी आम्ही नियमात आहोत. मॅडम म्हणाल्या, “आत्ता सकाळचे नऊ वाजलेत आणि थंडी आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या तारा बघा.” ॲल्युमिनियम तापलं की तार लांबते आणि झोळ वाढतो. अंतर मोजायचं ते झोळ जास्तीत जास्त असताना आणि वाऱ्याने तार झुलत असताना. त्यांच्या हिशोबाने उन्हाळ्यात आमच्याकडे साडेतीन मीटरच उरत होते. म्हणजे इतकी वर्षं, आईंनी जिथे पापड-कुरडया वाळत घातल्या तिथे, आम्ही नियमापेक्षा कमी अंतरात वावरत होतो. वरचा मजला होणार होता ३.१ मीटरचा. तो चढवला असता तर डोक्यावर चाळीस सेंटिमीटर उरले असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती नकाशा काढून घेताना लक्षात ठेवा. सर्वांत उंच भाग म्हणजे स्लॅब नव्हे. कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, यांपैकी जे सर्वांत वर जाईल तिथून मोजतात.

चहा घेताना मी त्यांना पीव्हीसी पाइपचं विचारलंच. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. घरात भिंतीतून जाते ती वायर ११०० व्होल्ट ग्रेडची. पुडक्यावर छापलेलं असतं, तुम्हीही वाचा. आपल्या घरात येतात २३० व्होल्ट. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर पीव्हीसीचा थर असतो जेमतेम ०.७ मिलिमीटर. अकरा केव्ही म्हणजे दोन तारांमध्ये ११,००० व्होल्ट, एका तारेपासून जमिनीपर्यंत मोजले तर ६,३५०. याच दाबाच्या जमिनीखालच्या केबलमध्ये एक्सएलपीईचा (एका खास प्लास्टिकचा) थर ३.६ मिलिमीटरचा असतो. तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या आत आणि बाहेर एकेक काळा अर्धवाहक थर, त्यावर तांब्याची पट्टी, ती पट्टी जमिनीला जोडलेली, मग पोलादी कवच, मग बाहेरचं आवरण. तांब्याची पट्टी अर्थ केलेली असल्यामुळे विजेचा ताण त्या ३.६ मिलिमीटरांतच कोंडून राहतो, बाहेर येत नाही. “पाइपाला यातलं काय आहे? दोन पाइपांच्या जोडावर फट राहते, आत पावसाचं पाणी जातं, दोन उन्हाळ्यांत तडकतो. आणि माणसाला वाटतं तार झाकलेली आहे, म्हणून तो बिनधास्त जवळ जातो.” हे ऐकल्यावर मी तो विषय कायमचा सोडला.

त्या पानावर त्यांनी दाब वाढला की अंतर कसं वाढतं तेही लिहिलं. ते पान मी वर्गात मुलांनाही दाखवते. एलटीची, म्हणजे घराला येणारी उघडी लाइन असेल तर छताच्या वर २.५ मीटर, बाजूला १.२. अकरा केव्हीला वर ३.७, बाजूला १.२. तेहतीस केव्हीला वर तेवढंच ३.७, पण बाजूला २ मीटर. त्याच्या पुढे दर तेहतीस केव्हीमागे किंवा त्याच्या भागामागे दोन्हींत ०.३ मीटरची भर. त्या हिशोबाने एकशे बत्तीस केव्हीच्या मनोऱ्यावरच्या तारेला वर ४.६ मीटर, दोनशे वीसला ५.५. मी विचारलं, खालून बघून लाइन कितीची आहे ते कसं ओळखायचं? जिथे लाइन वळते किंवा संपते त्या खांबावर चिनी मातीच्या तबकड्या मोजायच्या. अकरा केव्हीला एक, तेहतीसला बहुधा तीन, एकशे बत्तीसला नऊ-दहाची माळ. आता पॉलिमरचे इन्सुलेटर येतात, त्यांच्या चकत्या मोजून हा अंदाज लागत नाही. आणि हे फक्त ओळखण्यापुरतं. अंतराचा निर्णय वीज कंपनीने दिलेल्या लेखी माहितीवरूनच करायचा.

आता पैशाचा प्रश्न. खर्च कोणी करायचा हे आधी काय आलं त्यावर ठरतं. घर आधीचं आणि लाइन नंतर टाकली असेल तर गोष्ट वेगळी. कार्यालयातल्या नोंदीनुसार आमची लाइन १९८८ ला शेतीपंपांसाठी ओढलेली, घर त्यानंतर सहा वर्षांनी. खर्च आमचा. मला वाईट वाटलं, पण नोंद डोळ्यांनी पाहिली आणि वाद घातला नाही. तुमच्या घराचं जुनं बिल, घरपट्टीची पहिली पावती, बांधकामाचं वर्ष दाखवणारं काहीही असेल तर ते अर्जाला आधीच जोडा.

२० फेब्रुवारीला मापाचा नकाशा दिला, एक प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने धाडली. पहिला प्रस्ताव होता लाइन उसाच्या बांधावरून वळवायची, चार नवे खांब टाकून. सर्वांत स्वस्त तोच पडला असता. पण त्यातले दोन खांब शेजारच्या रानात येत होते. मी आणि हे त्यांच्याकडे दोनदा गेलो. त्यांनी चहा दिला, आदराने बसवलं आणि नाही म्हणाले. ऊस वाढला की तुरा तारेपर्यंत जाईल, तोडणीला मशीन येईल, पाचट पेटली तर काय, अशा त्यांच्या शंका होत्या. घरी परतताना हे चिडले होते. मला मात्र त्यांचं म्हणणं चुकीचं वाटेना. आपल्या डोक्यावरचं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवायला आम्ही गेलो होतो. त्यांच्याशी बोलणं आम्ही तोडलं नाही आणि ते पुढे फार उपयोगी पडलं.

मार्चच्या अखेरीस दुसरा प्रस्ताव झाला: आमच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधला तुकडा काढायचा आणि तिथे आमच्याच कुंपणाच्या आतून व थोडी ग्रामपंचायतीच्या रस्त्याखालून केबल टाकायची. एकूण सत्तर मीटर. मग लोकसभेची निवडणूक आली, ७ मेला आमच्याकडे मतदान झालं, तोवर अर्धा कर्मचारीवर्ग त्या कामात. वाट बघणं एवढंच हातात होतं. मी दर पंधरा दिवसांनी, ठरवून बुधवारी, शाळा सुटल्यावर जाऊन विचारत राहिले. फोनपेक्षा समोर जाण्याचा उपयोग होतो. अर्जाचा आवक क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला होता, त्यामुळे दर वेळी फाइल पाच मिनिटांत सापडायची.

११ जूनला एस्टिमेट मंजूर झालं: ३,१८,००० रुपये. यात दोन वाटा असतात. पूर्ण रक्कम भरून काम वीज कंपनीकडून करून घ्यायचं, किंवा काम परवानाधारक ठेकेदाराकडून स्वतः करून घ्यायचं आणि कंपनीला फक्त देखरेखीचे १.३ टक्के भरायचे. आम्ही दुसरी घेतली. ४,१३४ रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ४,८७८. पैसे भरण्यासाठी मी मुदत ठेव मोडली. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली होती. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, मी त्याच गच्चीवर अभ्यास करायचे ना?” आणि विषय संपला.

पावसात खोदाई करायची नाही हे बापूकाकांनी आधीच सांगितलं होतं. जुलै-ऑगस्ट कागदांत गेले. रस्ता खोदायला ग्रामपंचायतीची परवानगी, त्यासाठी रस्ता पूर्ववत करण्याचे ८,००० रुपये. तीन ठेकेदारांची कोटेशनं. कमी दराचं घ्यावं असा मोह झाला, पण बापूकाकांनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: केबलची टोकं कोण बांधणार? दोघे म्हणाले, आमची पोरं बांधतील. तिसऱ्याने सांगितलं, “त्याला वेगळा जॉइंटर आणतो, तो दुसरं काही करत नाही.” आम्ही तिसऱ्याला काम दिलं, ३,०५,००० रुपयांत. परवान्याची प्रत मागून त्यावरची मुदत आणि कोणत्या दाबापर्यंतचं काम करता येतं ते वाचून घेतलं. हे मागायला संकोच करू नका. चांगला ठेकेदार ते आधीच काढून ठेवतो.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि १४ ला चर खोदायला घेतला. अकरा केव्हीच्या केबलला चर किमान नव्वद सेंटिमीटर खोल लागतो. एलटीच्या केबलला पंचाहत्तर पुरतो, तेहतीसला एक मीटर पाच. मी शाळेतून आल्यावर रोज काठी घालून बघायची. एका ठिकाणी खडक लागला आणि कामगार सत्तरवर थांबले होते. ठेकेदारांना दाखवल्यावर त्यांनी ब्रेकर आणला. खाली वाळू, वर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांची रांग, माती अर्धी भरल्यावर लाल इशारापट्टी. रस्त्याखाली केबल जाड पाइपातून नेली. विटा कशाला, असं मी विचारलं होतं. उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागते, कुदळ थांबते.

जॉइंटर १८ तारखेला आले. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. आकाश भरून आलं होतं. त्यांनी वर बघितलं, पेटी उघडलीच नाही, आणि म्हणाले, उद्या. मला वाया जाणारी त्या दिवशीची मजुरी डोळ्यांसमोर दिसली, पण दुसऱ्या दिवशी त्यांचं काम बघितल्यावर समजलं. केबलची तीन टोकं त्यांनी थराथराने सोलली. तो काळा अर्धवाहक थर काढताना खालच्या पांढऱ्या इन्सुलेशनवर चाकूचा ओरखडासुद्धा पडता कामा नये. पडला तर तिथे हवेचा बारीक कण अडकतो, त्यात ठिणग्या उडत राहतात आणि वर्ष-दोन वर्षांनी केबल तिथेच फुटते. पॉलिश पेपरने घासून, द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसलं. पुसतानाही एकाच दिशेने, पांढऱ्याकडून काळ्याकडे, उलट नाही, नाही तर काळी पूड पांढऱ्यावर पसरते. मग नळ्या चढवून ज्योतीने सावकाश आकसवल्या. हातांना घाम येऊ नये म्हणून मधूनमधून ते हात पुसायचे. एका टोकाला दोन तास लागले. मी पायरीवर बसून सगळं पाहिलं. आईंनी त्यांना जेवायला थांबवलं. जेवताना त्यांनी एवढंच सांगितलं, की केबल फुटते ती मधे नाही, जोडावर फुटते.

त्याच संध्याकाळी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावलं. घरातल्या वायरिंगला पाचशे व्होल्टचा मेगर चालतो. इथे पाच केव्हीचा आणला होता. प्रत्येक फेज जमिनीशी, मग फेज-फेजमध्ये. काटा गिगाओममध्ये गेला, म्हणजे इन्सुलेशन उत्तम होतं. चाचणी संपल्यावर त्यांनी कोणालाही टोकाजवळ जाऊ दिलं नाही. आधी प्रत्येक फेज अर्थला जोडून ठेवला. लांब केबल कपॅसिटरसारखी विद्युतभार साठवते. लाइन जोडलेली नसतानाही नुसत्या मेगरने भरलेली केबल जोरदार झटका देऊ शकते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

विद्युत निरीक्षकांची तपासणी झाल्याशिवाय आमची लाइन चार्ज करता येणार नव्हती, म्हणजे तिच्यात वीज सोडता येणार नव्हती. अर्ज, चलन, ठेकेदारांचा चाचणी अहवाल असं सगळं दिवाळीआधी दिलं. ७ नोव्हेंबरला ते आले. त्यांनी अर्थिंगचे खड्डे, खांबावरचे लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून वाचवणारे), केबल खांबावर चढते तिथला लोखंडी पाइप, धोक्याच्या पाट्या हे सगळं पाहिलं. एक त्रुटी काढली: एका खांबावर काटेरी तारेचं वेटोळं नव्हतं. ते दोन दिवसांत लावलं आणि फोटो पाठवला. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं, त्यानंतर परवानगीचं पत्र हाती आलं.

शटडाउन, म्हणजे लाइन बंद ठेवायची वेळ, मिळाला ५ डिसेंबरचा, गुरुवार, सकाळी दहा ते चार. त्या लाइनवरच्या शेतकऱ्यांचं पाणी त्या दिवशी बंद राहणार होतं, म्हणून आदल्या दोन संध्याकाळी मी आणि आई घरोघर सांगून आलो. ज्यांनी खांबांना नकार दिला होता, त्यांनी स्वतःहून आपल्या गल्लीत निरोप पोचवला.

त्या दिवशी मी रजा टाकली. तार खाली येईल एवढंच मला बघायचं होतं, पण तार सुटायच्या आधीच पाऊण तास गेला. परमिट लिहून घेतलं. स्विच उघडला, त्याला कुलूप लावलं, किल्ली लाइनमनदादांनी स्वतःच्या खिशात ठेवली. काठीला लावलेल्या डिटेक्टरने तार निर्जीव आहे का ते पाहिलं. त्यानंतरही तिला हात न लावता कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड टाकले. दोन्ही बाजूंना का, असं मी बापूकाकांना विचारलं. ते म्हणाले, “पलीकडे डीपी आहे, ट्रान्सफॉर्मर. गिरणीवाल्याने चेंजओव्हर न करता, म्हणजे लाइन तोडून न घेता जनरेटर लावला तर डीपी उलटा चालतो. खालून चारशे पंधरा गेले की वर अकरा हजार निघतात.” मॅडमनी खरोखरच एक माणूस गिरणीवर बसवून ठेवला होता. ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. शटडाउन घेऊन खांबावर चढलेल्या माणसाचा जीव तुमच्या चेंजओव्हर स्विचवर असतो.

सव्वातीनला तिसरी तार उतरली. साडेतीनला केबल चार्ज झाली, काही आवाज नाही, काही दिसलं नाही. मी गच्चीवर गेले आणि बराच वेळ वर बघत उभी राहिले. आई खालून हाका मारत होत्या, मी लगेच उत्तर देऊ शकले नाही.

बांधकाम जानेवारीत सुरू झालं, ते नेहमीसारखंच. मात्र वायरिंगच्या वेळी मी या वेळी गप्प बसले नाही. एप्रिलमध्ये वायरमनना चाचणी करून दाखवा म्हटलं. घरच्या वायरिंगला पाचशे व्होल्ट डीसी लावून इन्सुलेशन किमान एक मेगओम यायला हवं. मेगर लावण्याआधी बल्ब, चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळं काढून ठेवा, नाही तर ते बिघडतात. पाच सर्किटांपैकी चार उत्तम निघाली, स्वयंपाकघराचं ०.३ दाखवत होतं. गिलाव्यावर मारलेलं पाणी बोर्डाच्या पेटीत आणि पाइपात उतरलं होतं. झाकणं उघडी ठेवून आठ दिवस वाळवलं, मग चाळीसच्या वर गेलं. त्याच दिवशी वायर जोडून दिवे लावले असते तर भिंत ओली असतानाच फ्रिज चालू झाला असता.

तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तेव्हा तो सारखा पडायला लागला. वायरमन म्हणाले, तो काढून टाकू. मी नको म्हटलं. दोन दिवस शोधल्यावर सापडलं: खालच्या जुन्या मोरीतल्या गिझरला कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून दिले होते. त्या मोरीत आई रोज आंघोळ करतात. आता खालच्या मजल्यालाही नवीन अर्थची वायर ओढली आहे आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते.

लाइनचा सगळा खर्च, सर्व्हे, रस्ता, देखरेख आणि ठेकेदार धरून, ३,२१,३७८ रुपये झाला. तपासणीचं चलन आणि झेरॉक्स-पोस्ट वेगळं. केबल नेमकी कुठून गेली आहे त्याच्या नकाशाच्या चार प्रती काढल्या आहेत. एक ग्रामपंचायतीत दिली, एक बापूकाकांकडे आहे, एक शेजारच्या रानवाल्यांकडे, आणि एक आमच्या मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पुढच्या महिन्यात गल्लीत नळाची नवी पाइपलाइन येते आहे. खोदायला येणाऱ्या मुलांना ती पेटी उघडून दाखवायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं आहे.